समोरून काळी मिशी

मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. नोकरीला लागल्यापासून हे काम मी इमानेइतबारे करत आलो आहे. साहेब बोलले की डोलावतो, बायको बोलली की डोलावतो, फोनवर कोणी बोलत असलं तरी डोलावतो (पलीकडच्याला दिसत नाही हे मला कळतं, मानेला कळत नाही). त्यामुळे त्या दिवशी जेवताना सासरे काहीतरी बोलले आणि माझी मान डोलली, यात माझा काही दोष आहे असं मला आजही वाटत नाही. दोष मानेचा आहे.

आमच्या सासऱ्यांना निवृत्त झाल्यापासून एकच नाद, गळ टाकून मासे धरायचा. खाण्यासाठी नव्हे. मासा धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. (एवढी उठाठेव करून शेवटी सोडायचंच असेल तर मुळात धरायचं कशाला, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. त्यानंतर दोन महिने ते आमच्याकडे आले नाहीत.) गळाला लावायला ते लाकडाचे छोटे छोटे खोटे मासे स्वतः कोरतात. पाण्यातल्या मोठ्या माशाला वाटावं, आपला नाश्ता समोरून पोहत चाललाय. पण यंदा त्यांचा हात थरथरायला लागला होता. सुरी कशीबशी धरता येत होती, रंगाचं बारीक काम मात्र जमेना. आणि त्यांच्या मासे धरणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा पुढच्या रविवारवर आलेली.

"रंगवायला कोणी मिळालं असतं ना, तर यंदाचा कप आपलाच होता," सासरे म्हणाले.

माझी मान डोलली.

"तुम्ही रंगवाल, जावईबापू?"

ती पुन्हा डोलली. सासऱ्यांचा चेहरा असा काही खुलला की बास. मग त्यांनी ते मासे कसे रंगवायचे, हे जेवण संपेपर्यंत समजावून सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि सोमवारचा विचार करत होतो.

सोमवारी माझा इंटरव्ह्यू होता. आमच्या पाणीपट्टीच्या ऑफिसात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेवर माझा डोळा होता. डोळा टाचणीचाही होता. टाचणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा क्लार्क. अंगाने तसाच आणि वागायलाही तसाच. ती जागा त्याला मिळाली असती तर यापुढे रजेचा अर्ज मला त्याच्यापुढे धरावा लागला असता, आणि त्याने तो चष्मा पुसून पुसून वाचला असता.

"तुम्ही? आणि रंग?" वडील त्यांच्या घरी गेल्यावर बायको म्हणाली. "बाल्कनीचे गज रंगवलेत तेव्हा शेजारचे काका आठवडाभर हिरवा पंजा घेऊन हिंडत होते."

"त्यांनी हात कशाला लावला?"

"तुम्ही पाटी का नाही लावलीत?"

मी मान डोलावली आणि विषय संपवला.

रविवारी सकाळी हिने माझ्या केसांना आणि मिशीला काळा कलप लावून दिला. टाचणी माझ्यापेक्षा तरुण दिसतो, तेव्हा निदान मिशीच्या बाबतीत तरी मागे राहायला नको, हा तिचा मुद्दा होता. नंतर ती बहिणीकडे गेली. मी घरात एकटा. नियमांचं पुस्तक उघडलं, पण पहिलं पान काही उलटेना, म्हणून म्हटलं, मन रमवायला सासरे ठेवून गेलेले मासे रंगवून टाकू.

सासऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला रंग मी आधीच आणून ठेवला होता. कोपऱ्यावर मोटारी रंगवणारा पेंटर आहे, त्याच्याकडून छोटी बाटली घेतली होती. "साधा रंग नाही साहेब हा," तो म्हणाला होता. "इकडून बघितला तर हिरवा, तिकडून बघितला तर जांभळा. गाडीवर एकदा बसला की गाडी भंगारात जाईल, रंग जाणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा..." पुढे तो काय म्हणाला ते सांगता येणार नाही. मी मान डोलावत होतो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. बाथरूमच्या दाराचा पांढराशुभ्र रंग उरला होता, त्याचा एक हात सगळ्या माशांना दिला, कारण पांढऱ्यावर कुठलाही रंग उठून दिसतो असं माझं मत होतं. ते वाळल्यावर कांद्यांच्या जाळीच्या पिशवीचा तुकडा माशाभोवती घट्ट गुंडाळला. वरून फवारा मारायचा आणि जाळी काढायची की झाले खवले. (एवढं मात्र मी ऐकलं होतं.) इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची हिची बाटली घेतली, तिच्यात रंग भरला आणि फवारा मारला.

काही झालं नाही. मासा पांढरा तो पांढराच. फार निरखून पाहिलं तर पाणी घातलेल्या दुधासारखी एक छटा दिसत होती. पुन्हा मारला. मग सगळ्या माशांवर मारला. मग चिडून मारला. बाटलीच्या तळाशी घोटभर रंग राहिला तरी एका माशाला खवला फुटेना. शेवटी मी निष्कर्ष काढला, की नुसतं पाणी बाहेर येतंय आणि रंग तोटीत अडकलाय. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं हे मला माहीत नाही. मी तोटी नाकासमोर धरली, आत डोकावलो आणि दट्ट्या दाबला.

रंग तोटीत अडकला नव्हता.

चेहरा टॉवेलने खसाखसा पुसला. कातडीवरचा रंग निघाला. मग आरशात मिशीकडे पाहिलं आणि खरं सांगतो, क्षणभर मी हरखून गेलो. उजवीकडे मान वळवली की मिशी हिरवीगार, डावीकडे वळवली की जांभळी, आणि मध्ये कुठेतरी निळ्याची एक लकेर सळसळत जायची. अगदी समोर पाहिलं की मात्र काळीच. आयुष्यात माझ्या हातून इतकी सुंदर गोष्ट कधी झाली नव्हती. मी बराच वेळ मान हलवत उभा होतो आणि त्या नादात दाराचं कुलूप उघडल्याचं मला ऐकूच आलं नाही.

"अहो, काय करताय?"

"काही नाही," मी सरळ समोर बघत म्हणालो.

"मान वळवा जरा."

मी वळवली. हिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने मिशीकडे पाहिलं, टेबलावरच्या पांढऱ्या माशांकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"पांढऱ्यावर मारलात? बाबांनी इतक्यांदा सांगितलं, आधी काळा हात द्या, हा रंग काळ्यावरच दिसतो!"

"कधी सांगितलं?"

"तुम्ही मान डोलावत होतात तेव्हा."

मग धुलाई सुरू झाली. साबणाने काही होईना. थिनरने ओठाची आग झाली, मिशीला ढिम्म काही झालं नाही. तेल चोळलं तर ती आणखीच झळकायला लागली. रंग वाळून केस दातांच्या ब्रशसारखे कडक झाले होते, वस्तरा वरून नुसता घसरत होता. मी कात्री घेतली तर हिने हात धरला.

"आणि अर्धीच निघाली तर? पूर्ण मिशी निदान समोरून तरी काळी दिसतेय. अर्धी मिशी सगळीकडून अर्धीच दिसेल."

मी मान डोलावली.

"डोलावू नका!" ती ओरडली. "चमकते!"

संध्याकाळभर तिने माझी तालीम घेतली. मी एका खुर्चीत ताठ. समोर ती. कधी डाव्या खुर्चीतून प्रश्न विचारायची, कधी उजव्या.

"पाणीपट्टी थकली तर नोटीस कोण काढतं?"

"हेडक्लार्क."

"मान हलली."

"नाही हलली."

"आत्ता नाही म्हणताना हलली!"

सोमवारी निघताना तिने माझी कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाली, "मिळेल हो तुम्हाला. मला माहीत आहे." तोपर्यंत मला सगळी गंमत वाटत होती. तेव्हा चप्पल घालता घालता मी पहिल्यांदा थबकलो. टाचणीचं एक वेळ सोडा, पण हिला घरी येऊन काय सांगायचं?

खोलीत तिघे बसले होते. मध्ये मोठे साहेब, माझ्या डाव्या हाताला पाणीपुरवठ्याच्या मॅडम, उजव्या हाताला मुख्य हिशेबनीस. मॅडम आणि हिशेबनीस यांचं कशावरही एकमत झालेलं ऑफिसात कोणी पाहिलेलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर नजर रोवली.

"आपले मीटर वाचणारे फार उशिरा जातात, नाही का?" साहेब म्हणाले.

एरवी माझी मान केव्हाच कामाला लागली असती. आता तोंडाने बोलणं भाग होतं. आणि तोंडाने बोलायचं म्हणजे वाक्य करावं लागतं, आणि घाईत वाक्य करायला गेलं की त्यात खरं येऊन पडतं.

"नाही साहेब. ते वेळेवर जातात. त्यांना याद्या आपणच उशिरा देतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता संपलंच, असं मला वाटलं.

"सकाळपासून हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला," ते म्हणाले. "सगळ्यांनी मान डोलावली. याद्या माझ्याच सहीवाचून अडतात, हे मलाही माहीत आहे."

"माझ्याकडे बघून सांगा," मॅडम म्हणाल्या, "थकबाकी वसूल कशी कराल?" मी नुसती बुबुळं त्यांच्याकडे वळवली आणि बोलायला लागलो. त्या पुढे वाकल्या. आणखी वाकल्या.

"तुमची मिशी हिरवी आहे का हो?"

"हिरवी?" हिशेबनीस उजवीकडून म्हणाले. "जांभळी आहे."

"स्वच्छ हिरवी आहे!"

"मॅडम, चष्मा बदला. जांभळी आहे!"

"काळी आहे!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "बजेट असो नाहीतर मिशी, तुमचं दोघांचं कधी जुळणारच नाही का?" मग ते माझ्याकडे वळले. "तुमची मिशी आहे. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?"

एरवी मी तिघांकडे बघून मान डोलावली असती. पण त्या दिवशी जीभ नुसती खरंच बोलत होती.

"साहेब, तिघांचंही. ज्या बाजूने बघाल तशी दिसते."

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन धावत आला. सगळी हकिगत सांगावी लागली. खिडकीपाशी नेऊन तिघांनी मला आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं. जाताना साहेब म्हणाले, "आम्हा तिघांना एकाच वेळी बरोबर ठरवणारा माणूस या ऑफिसात आजवर झाला नव्हता." संध्याकाळपर्यंत माझ्या नावाची ऑर्डर निघाली. टाचणीने अभिनंदन केलं आणि हळूच कानाशी येऊन विचारलं, रंग कुठल्या दुकानात मिळतो?

मी तरंगतच घरी आलो. दार उघडलं तर समोर सासरे. मासे न्यायला आले होते. हातात एक पांढरा फटक मासा घेऊन ते खुर्चीत खचून बसले होते. हिने पेंटरकडे जाऊन पाहिलं होतं, तो रंग आता महिनाभर तरी येणार नव्हता. बाटली मी संपवलेली. मी म्हणालो, "बाबा, चुकलं माझं," आणि मान खाली घातली.

सासरे ताडकन उठले. लग्नातही त्यांनी माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा दिव्याखाली या."

कोरायची सुरी फिरवताना त्यांचा हात अजिबात थरथरला नाही. मिशी अख्खी, एका तुकड्यात निघाली. त्यांनी ती एका माशाच्या मागे शेपटी म्हणून दोऱ्याने बांधली, आणि रविवारी त्याच माशाने स्पर्धेतला सगळ्यात मोठा मासा धरला.

त्याचा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावला आहे. त्यात सासरे आहेत, कप आहे, मासा आहे, माशाच्या तोंडात माझी मिशी आहे. मी नाही. हेडक्लार्कची ऑर्डरही मी फ्रेम करून शेजारी लावली होती, पण येणारे-जाणारे पाहतात तो फोटोच. "जावयाने रंगवला म्हणे मासा?" असं कोणी विचारलं की सासरे अभिमानाने सांगतात, "छे हो, मासे त्याने बिघडवले. पण नाकाखालचा माल एक नंबर निघाला."

मी मान डोलावतो. आता कितीही डोलावली तरी काही चमकत नाही.