हिराजीकाकांचा सर्व्हे

हिराजीकाका कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर दिसेल त्याला थांबवून एकच प्रश्न विचारतात, "स्पीड कॅमेऱ्यावर तुझा विश्वास हाय का?" 'नाही' म्हटलं तर पाठीवर थाप मिळते. 'आहे' म्हटलं तर, "नीट विचार करून सांग," म्हणत उत्तर बदलेपर्यंत सोडत नाहीत. उल्हासनगरला कॅम्प एकमधला कापडवाला म्हणाला, "काका, मशीन झूठ थोडी बोलेगी?" काकांनी नुकताच घेतलेला टॉवेल तिथल्या तिथे परत केला.

अंबरनाथला आमच्या शेजारी ते एकटेच राहतात. त्यांच्या स्कूटरनं कुणाला मागे टाकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चढावर सायकलवालेसुद्धा मागून घंटी वाजवतात. आणि या स्कूटरला बदलापूर रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं भरधाव वेगाचा दंड लावला! त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर एक मुलगी सर्व्हे घ्यायला आली. कॅमेऱ्यांवर विश्वास पूर्ण, थोडा की अजिबात नाही?

"आनि 'कॅमेरा नालायक हाय', त्याचा रकाना कुठं हाय?" काका कडाडले. ती घाबरून पुढच्या गाडीकडे गेली. तेव्हापासून काकांनी स्वतःचाच सर्व्हे उघडला.

खरं सांगतो, चीड मलाही आली होती. चूक यंत्राची, आणि ती सिद्ध करायची म्हाताऱ्या माणसानं! वर दंडाचा मेसेज जातो पुण्याला, त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर, कारण गाडीच्या कागदांवर नंबर त्याचा. परवा मी तावातावानं काकांकडे गेलो. म्हटलं, "आज तक्रार करूनच टाकू. नंबरही बदलू, म्हणजे मेसेज थेट तुम्हालाच येतील."

"तक्रार कर," काका म्हणाले. "नंबर नको बदलू."

"का?"

"मेसेज गेला आनि पोराचा फोन आला. गनपतीनंतर पयलाच. 'बाबा, इतक्या जोरात कुठं जातोस? बरा हायेस ना?' जाम ओरडला मला." सांगताना काका चक्क हसत होते. "जेवलास का, ते पन इचारलं."

आता मला कॅमेऱ्यापेक्षा त्या पोराचाच जास्त राग आला. पण काकांच्या तोंडाकडे बघून तो गिळला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, सगळ्यांना विचारत फिरता. तुमचा स्वतःचा विश्वास आहे का त्या कॅमेऱ्यावर?"

काकांनी दाराबाहेर कुणी नाही ना, ते बघून घेतलं.

"थोडा हाय," ते म्हणाले. "पन कुनाला बोलू नको."