आत्ता जे केलं, त्याचंच उत्तर

धरणाच्या नियंत्रण कार्यालयात संगणकाला हुकूम देणाऱ्या लिनक्स शेलचे विशेष व्हेरिएबल, म्हणजे कामांच्या नोंदी ठेवणारी चिन्हं, सर्व्हरमधून बाहेर आले आणि रीतसर कामावर रुजू झाले. डॉलर-हॅश दारात उभा राहून आत येणारी माणसं मोजायचा. डॉलर-प्रश्नचिन्ह खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा. नुकतंच केलेलं काम फत्ते झालं असेल तर तो 'शून्य' म्हणायचा, फसलं असेल तर दुसरा कुठला तरी आकडा. तो कधी चुकला नव्हता. त्याच्यापुढे मोठे साहेबसुद्धा आवाज खाली आणून बोलत.

सर्व्हर सांभाळणाऱ्या शालन मुळीक यांचं आज त्याच्याकडे असलेलं काम मात्र घरगुती होतं. सर्व्हर बंद पडला म्हणून त्या भाचीच्या, शर्वरीच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. तेव्हापासून थोरली बहीण तुटक बोलायची. आज शालनताईंनी जिन्यात उभं राहून फोनवर माफी मागितली. "बरं, असू दे," अक्का म्हणाली. आता याचा अर्थ काय घ्यायचा? जीव टांगणीला लागला. त्या दार उघडून धावत डॉलर-प्रश्नचिन्हासमोर आल्या.

"झालं का हो माझं काम?"

"शून्य. दार नीट उघडलं."

"दाराचं कुठे विचारतेय? फोनचं सांगा!"

"बाई, मला शेवटचं काम तेवढं ठाऊक असतं. मधे दुसरं काही केलंत, की आधीचं गेलं."

मग त्याच्यासमोरच उभं राहून त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा माफी मागितली.

"असू दे म्हटलं ना," अक्का म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला. शालनताईंनी मोबाइल कानावरून हलवलासुद्धा नाही. नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"एक," तो म्हणाला.

त्यांनी तिसऱ्यांदा फोन लावला. माफीची भाषाच सोडून दिली.

"अक्का, शर्वरी शालूत कशी दिसत होती गं?"

अक्का कडाडली. "आत्ता विचारतेस होय? अक्षता पडेपर्यंत मांडवाच्या दाराकडे डोळे लावून बसले होते मी! मावशी म्हणवतेस स्वतःला? बोलू नकोस माझ्याशी!" हुंदके देतच तिनं फोन आपटला.

शालनताईंना मान वर करायचा धीर होईना.

डॉलर-प्रश्नचिन्ह स्टुलावरून उठून उभा राहिला. तो कुणासाठी उठल्याचं कार्यालयात कुणी पाहिलं नव्हतं.

"शून्य," तो म्हणाला.