सगुणाबाईचा वाटा

दहाव्याच्या दिवशी दीड तास झाला तरी कावळा पिंडाला शिवेना. पासलीच्या वरच्या वस्तीतली पंचवीस-तीस माणसे ओढ्याकाठी उन्हात उभी होती. समोर उंबरावर तीन कावळे बसले होते आणि खाली पानावर सगुणाबाईच्या नावाचा भाताचा पिंड वाळत चालला होता. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग मागे राहिलेल्यांनी ती ओळखायची आणि मोठ्याने शब्द द्यायचा, अशी रीत.

मुलगा भैरू पुढे झाला. तो कापूरहोळला टेम्पो चालवायचा. "आये, गोठ्यावर नवा पत्रा घालतो." कावळे हलले नाहीत. सून प्रगती म्हणाली, "आत्याबाई, मामांना भोरला आमच्याकडं नेतो. हितं एकटं ठेवत न्हाई." एका कावळ्याने पाठ फिरवली. शेजारच्या गेनूनेही नशीब आजमावून पाहिले. "वैनी, तुमची पाटी माझ्याकडं राहिलीय. आजच आणून देतो."

मग सगळे तिच्या नवऱ्याकडे, हैबतीकडे बघू लागले. सगुणाबाईची इच्छा काय होती हे वस्तीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होते. "सोडा ती विडी" एवढे एक वाक्य ती चाळीस वर्षे म्हणत आली होती. नवऱ्याचे नाव ती घेत नसे, म्हणून हेच वाक्य हाकेसारखे वापरायची.

हैबतीने बंडीच्या खिशातून लाल दोऱ्याचे बंडल काढले, पिंडाशेजारी ठेवले आणि म्हणाला, "सगुणा, आजपास्नं विडी सोडली. तुझी आण."

बोलणे संपते न संपते तोच कावळा खाली आला. आधी त्याने बंडलाला चोच मारली, मग पिंडाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "बगा, जाताना बी नवऱ्याचीच काळजी," गेनू म्हणाला. हैबती खूप रडला. रडून झाल्यावर सवयीने त्याचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले. सकाळी विडी नाही म्हणून पोट साफ होईना. डोके जड झाले. बोटे आपोआप विडीसारखी धरली जायची. त्याने लवंग चघळली, बडीशेप खाल्ली, शेवटी पेंढ्याची काडी तोंडात धरून बसला. प्रगतीने चहा दिला तर "यात साखर न्हाई" म्हणून ओरडला, आणि साखर घातल्यावर "लई गोड झाला" म्हणून पुन्हा ओरडला. एवढे करून मग कोपऱ्यात जाऊन सगुणाबाईच्या फोटोपुढे बसला. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. त्यात ती नेहमीपेक्षा जास्त रागावलेली दिसत होती.

एखादा असा-तसा शब्द मोडता येतो, पण कावळ्याच्या साक्षीने दिलेला मोडता येत नाही. कारण साक्षीला कावळा एकटा नसतो, सगळे गाव असते. गेनू आता हैबतीला बघून विडी पाठीमागे लपवायचा. विंझरचा दुकानदार धनाजी तर त्याला बघताच विड्यांच्या खोक्यावर पोते टाकायचा. या धनाजीशी हैबतीचे वीस वर्षे भांडण होते. "तुझ्या बंडलात दोन विड्या कमी भरतात," असे तो दर आठवड्याला म्हणायचा. धनाजी देवाची शपथ घ्यायचा. मग हैबतीचा संशय गेनूवर जायचा, आणि गेनू आईची शपथ घ्यायचा.

पाचव्या दिवशी त्याच्याने राहवेना. भैरूला डबा द्यायच्या निमित्ताने तो एसटीने थेट कापूरहोळला गेला. हमरस्त्यावरच्या एका अनोळखी टपरीपुढे उभा राहून त्याने हळूच एक विडी मागितली. टपरीवाल्याने त्याला खालून वर पाहिले.

"पासलीचं हैबतीमामा ना?"

"आँ? तुमी कोन?"

"म्या सगुणाआत्याच्या मावसभावाचा जावई. दहाव्याला आलो हुतो की. कावळ्याला सांगितलंय तुमी, मामा." त्याने विडीऐवजी एक गोळी हातावर ठेवली. "घ्या, संत्र्याची हाय."

हैबती संत्र्याची गोळी चघळत परत आला. वाटेत त्याला आपली लाज वाटली. टपरीवाला दुसरा कोणी असता तर आपण शब्द मोडला असता, हे त्याला कळले होते. दारात पोचल्यावर तो फोटोकडे न बघता म्हणाला, "चुकलं. आता मेलो तरी न्हाई."

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी भुरीने दुधाला पूर्ण नकार दिला.

भुरी ही सगुणाबाईची म्हैस. तिच्या माहेरहून आलेल्या म्हशीची नात. ज्यांनी म्हैस पाळली नाही त्यांना वाटते की धार काढली की दूध येते. तसे नसते. म्हशीने मनात आणून पान्हा सोडावा लागतो. भुरीचे रेडकू पावसाळ्यातच दगावले होते, त्यामुळे सगळा पान्हा सवयीवर चालला होता. सगुणाबाई असताना ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे. ती गेल्यावर सुतकाचे दहा दिवस हैबतीने विडी ओठात धरून धार काढली, तेव्हा मात्र ती मुकाट उभी राहिली होती. दहाव्यानंतर दूध कमी कमी होत गेले आणि आता थेंबही येईना. कास दगडासारखी झाली.

"तिला आत्याबाईंची आठवण येती," प्रगती म्हणाली. "त्यांचं लुगडं नेसून बसा, मामा. माझ्या माहेरी असंच करत्यात."

हैबतीने आयुष्यात पहिल्यांदा लुगडे नेसले. हिरवे, सगुणाबाईचे रोजचे. ते पायांत अडकून तो दोनदा पडला. प्रगतीने सगुणाबाईच्या बांगड्या त्याच्या मनगटावर सुतळीने बांधल्या. तो खाली बसला, बांगड्या वाजवल्या आणि बारीक आवाजात म्हणाला, "भुरे, अगं भुरे!"

भुरीने मान वळवून त्याला नीट पाहिले, आणि बादलीला लाथ मारली. दाराबाहेर गेनू हसू दाबत होता. "हैबती, तुझी मिशी तेवढी राहिली बग!" पण लुगड्याच्या पदराने डोळे पुसणारा हैबती पाहिल्यावर त्याचे हसू आतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैरूने फोनवर निकाल दिला. "बाबा, कास सडली तर म्हस जाईल. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो. गिऱ्हाईक बघितलंय. तुमी बी भोरला चला."

सकाळी म्हैस जाणार म्हणून हैबती त्या संध्याकाळी गोठ्यात एकटाच गेला. पेंढ्याची शेवटची पेंढी ओढताना मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात हात लागला. आत पावडरचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला तर आत काडेपेटी, आणि चार अर्ध्या विझवलेल्या विड्या. लाल दोऱ्याच्या.

हैबतीने एक विडी उचलून नाकाशी नेली.

धार काढून आली की सगुणाबाई ओसरीवर बसून आधी मिश्री लावायची, चूळ भरायची, मगच घरात यायची. लोकांच्या बायका मिश्री सकाळी लावतात, ही संध्याकाळी का लावते, हे त्याने चाळीस वर्षांत विचारले नव्हते. रोज बंडलातून कमी होणाऱ्या विड्यांसाठी धनाजीला आणि गेनूला शिव्या दिल्या होत्या. आणि ती शेजारी बसून म्हणायची, "सोडा ती विडी. त्यापायी माणसं तोडताय."

डब्याच्या वासाने भुरीने मान लांब केली होती. तिचे कान हलत होते. हैबतीने काडी ओढली. तोंडाला न लावता एक अर्धी विडी ज्योतीवर धरली, फुंकर घालून निखारा केला आणि कोनाड्यात उदबत्तीसारखी टेकवली. धूर हळूहळू गोठ्यात पसरला. भुरीने मोठा श्वास सोडला आणि तिची कास मऊ झाली. हैबतीने बादली ओढली आणि दुधाची धार तिच्यात वाजू लागली.

विडी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती. त्याने पाठ कोनाड्याकडे केली आणि धार काढत राहिला. कावळ्याने आधी बंडलाला चोच मारली होती, हे त्याला आता आठवले.

"मामा!" प्रगती दारात उभी होती. "विडी वढली तुमी?"

हैबतीने बोलायला तोंड उघडले. प्रगतीच्या मागे, उघड्या दारातून, ओसरीवरचा फोटो दिसत होता. त्याने पायाने डबा पेंढ्यात ढकलला.

"व्हय," तो म्हणाला. "वढली."

"म्हैना बी झाला न्हाई त्यांना जाऊन. आत्याबाईंना काय वाटलं आसंल?"

"लई वाईट वाटलं आसंल," हैबती म्हणाला आणि भरलेली बादली तिच्या हातात दिली. "भैरूला फोन कर. टेम्पो नगं म्हनावं. भुरी दूध देती."

सकाळपर्यंत बातमी विंझरला पोचली. बायकोच्या आणेला आठवडाभरही न जागलेला माणूस म्हणून लोक हैबतीकडे बघू लागले. गेनूला मात्र बरे वाटले. त्याने उघडपणे विडी पुढे केली. "घे. आता काय लाजायचं? आन एक सांगतो, तुझ्या विड्या म्या कधी बी चोरल्या न्हाईत."

"म्हाईत हाय, गेनू. माफ कर." हैबतीने विडी कानामागे खोचली. "सांजच्याला."

संध्याकाळी गोठ्यात त्याने ती विडी मधोमध मोडली. एक तुकडा डब्यात ठेवला. दुसरा पेटवून कोनाड्यात टेकवला आणि भुरीजवळ बसला.

"दमानं," तो कोनाड्याकडे न वळता म्हणाला. "ठसका लागंल."