गरम तीन, गार एक

आमच्या लालबागच्या चाळीत कुणीही आंघोळीचं पाणी काढलं की दाजी परब न विचारता आत येतात आणि बादलीत कोपर बुडवतात. "कडत आहे. दोन तांबे थंड घाल," एवढं सांगून तसेच ओल्या कोपरानं पुढच्या दारात. नव्या सुना पहिल्यांदा किंचाळतात. वर्षभरात त्याच सुना बाळाच्या आंघोळीला "दाजीकाका, कोपर!" म्हणून हाक मारतात. थर्मामीटरवर काकांचा विश्वास नाही. "काच फुटते, कोपर फुटत नाय."

काकांनी परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभागात चौतीस वर्षं पाणी भरलं. एका टबात गरम, एका टबात गार. हुद्दा वॉर्डबॉयचा, पण ऐट मोठ्या सर्जनची. "डॉक्टर आले नि गेले, गो. पाणी माझं होतं."

रिटायर झाल्यावर तेच खातं त्यांनी गॅलरीत उघडलं. लाल बादली गरम, निळी गार. आखडलेला गुडघा, जुना मुरगळलेला घोटा, हिंदमाताला दिवसभर उभं राहून साड्या दाखवणाऱ्या सेल्समनचे पाय, सगळ्यांना एकच मंत्र. गरम तीन मिनिटं, गार एक, असं चार वेळा. "गरमात शिरा उघडतात, गारात मिटतात. रक्ताची कवायत होते." मी शाळेत गणित शिकवते. फळ्यासमोर उभं राहून माझ्या टाचा कामातून गेल्या होत्या. पंधरा दिवसांत मी जिना धड उतरायला लागले. तेव्हापासून मला या माणसाचा अभिमान वाटतो, पण तसं त्यांना सांगत नाही. आधीच ऐट काही कमी नाही.

डोक्यालाही हाच उपाय. पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये कमिटीतले दोघे एकमेकांच्या अंगावर जायला लागले, तेव्हा काकांनी बादल्या मध्ये आणून ठेवल्या आणि दोघांना पँटा वर करायला लावल्या. गरमात आवाज आणखी चढले. पाय गारात गेल्याबरोबर दोघांनी "हाऽऽ" करून श्वास घेतला आणि मुद्दाच विसरले. "बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून भांडून दाखव," काका छाती फुगवून म्हणाले. चाळीत अजून कुणाला जमलेलं नाही.

मात्र बादलीआधी परीक्षा असते. डोळे मिटायचे. काका कोमट चमचा नि गार चमचा पायाला लावून विचारणार, "काय लागलं?" ज्याला सांगता येत नाही, तो कितीही मोठा असो, परत. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या आमच्या सेक्रेटरींनाही त्यांनी स्टुलावरून उठवलं. "ज्याला चटका कळत नाय, त्याला माझं पाणी नाय. फोड आला तरी समजायचं नाय तुम्हाला."

गेल्या वर्षी सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. दोनेक महिन्यांत त्या चालू लागल्या, पण उजवा हात बधिर राहिला. काकांनी त्यांनाही डोळे मिटायला लावून हाताला चमचा लावला. काकू म्हणाल्या, "लावा ना. कधीची थांबलेय."

अख्खी चाळ बरी करणाऱ्या माणसाला घरच्याच हाताला पाणी लावता येईना. "कोमट चालेल की," कुणीतरी सुचवलं. काका कडाडले, "म्हणजे नियम बाहेरच्यांना आणि घरात सूट?" मग ते आपल्या जुन्या विभागात गेले, आयुष्यात पहिल्यांदा पेशंटच्या बाकावर बसले आणि मुलीच्या वयाच्या फिजिओथेरपिस्टला विचारून आले. ती म्हणाली, रोज स्पर्श ओळखायचा सराव करा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दार उघडं टाकून, कार्यक्रम चालतो. काकू डोळे मिटून बसतात. काका आपलाच हात लाल नाहीतर निळ्या बादलीत बुडवतात, पुसतात आणि काकूंचा बधिर हात हातात घेतात. "सांग, गरम की गार?" असं दहा वेळा. मग गॅलरीत येऊन निकाल जाहीर. "आज पाच!" कधी चार, कधी सहा. आवाज मात्र असा, जणू बायको बोर्डात आली आहे.

मी पडले गणिताची. दोनांतलं एक सांगायचं तर दहात पाच नुसत्या अंदाजानंही येतात. एकदा न राहवून मी हे काकांना बोलले आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

"ठाऊक आहे गो," काका शांतपणे म्हणाले. "पण लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. एवढीशी खोली, त्यात आई, भाऊ, पोरं, नि दार कायम उघडं. हिचा हात म्हणून कधी धरला नव्हता. आता दिवसाला दहा वेळा धरतो. बोलू दे कोणाला काय बोलायचं ते."

गेल्या रविवारी मी त्यांच्याच दारात मेथी निवडत बसले होते. काकू एकामागून एक बरोबर सांगत गेल्या. सहावं चुकलं. पुढची तीन पुन्हा बरोबर. दहाव्या वेळी काकांनी निळ्या बादलीतून हात काढला, पुसला आणि काकूंचा हात धरला.

"गार," काकू म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "आणि एवढे थरथरताय कशाला?"

काका हात तसाच धरून बसून राहिले. बाहेर माणसं निकालाची वाट बघत होती. शेवटी मीच उठले, कठड्याशी गेले आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "नऊ!"