मुख्याध्यापिकाबाईंच्या पायाखालचा पत्रा

गॅरेजमधली जुनी वेल्डिंग मशीन आदल्या दिवशी धूर काढून कायमची गप्प झाली होती आणि मुख्याध्यापिकाबाईंची गाडी आज संध्याकाळी पाचला द्यायची होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून असा गेला होता, की ब्रेक दाबताना बाईंना खालचा रस्ता दिसायचा.

"कपाटाएवढं धूड नुसतं," आत्या जुन्या मशीनकडे बघून म्हणाली. "दर वेळी गाडीच ढकलत न्यायची तिच्याकडे. आता अशी घेऊ, की उचलली आणि गाडीपाशी ठेवली. टिकले, रॅकवरचा भंगारातला एक तुकडा पेपरात गुंडाळून घे. दुकानदार तोंडानं काहीही सांगतात. आपण आपल्या पत्र्यावर चालवून बघू."

टिकली म्हणजे तिची दहावीतली भाची. सुट्टीभर धूळ झाडल्यावर आज पहिल्यांदा तिच्यावर काही सोपवलं गेलं होतं. आत्यावर तिचा भारी जीव. आत्या कधी माप घेत नसे. एक डोळा मिटायची, खडूची रेघ मारायची, कापायची, आणि तुकडा गाडीत असा बसायचा, जणू तिथंच उगवलाय. गॅरेजात टेप होती, पण ती खिळ्याला टांगून तिच्यावर किल्ल्या अडकवत.

वेल्डिंग मशीनच्या दुकानामागच्या अंगणात मशीन चालवून बघायचं टेबल होतं. टिकलीनं टेबलावर पेपर सोडला. तुकड्यावर खडूचा बाण होता. पुढची बाजू कळावी म्हणून आत्या बाण काढायची, तो फक्त कापून तयार झालेल्या तुकड्यावर. म्हणजे भंगार रॅकवरच राहिलं होतं आणि बाईंच्या पायाखालचा पत्रा टेबलावर आला होता. टिकलीनं अंगठ्यानं हळूच बाण पुसला.

"ताई, ही घ्या," दुकानदार म्हणाला. "सगळ्यात ताकदीची. फाटक जोडा, पूल जोडा."

"मला पूल नाही जोडायचा. गाडीचा पत्रा आहे, नखाएवढा जाड."

"आत्या, आपण उद्या यायचं का?" टिकलीनं सुरुवात केली, तोवर दुकानदारानं कांडी टेकवलीसुद्धा. फस्स झालं आणि पत्र्याला बटणाएवढं भोक पडलं.

"पत्राच पातळ आहे," दुकानदार पत्र्यावर रागावला.

"तेच तर म्हणतेय. करंट वर किती जातो ते राहू द्या, खाली किती येतो ते दाखवा."

दुसरी मशीन तारेची होती, कांडीऐवजी बारीक तार सोडणारी, दिसायला ऐटदार. बटण अगदी तळाला आणलं तरी दुसरं भोक पडलं, पहिल्याच्या शेजारीच. त्या दोन भोकांतून टिकलीला मुख्याध्यापिकाबाई रोखून बघताना दिसायला लागल्या.

"ती कोणती?" आत्यानं बोट दाखवलं. दुकानदाराचा टेबलफॅन एका छोट्या मशीनवर ठेवलेला होता.

"ती पण तारेचीच. कोणी घेत नाही हो. वजनच नाही तिला."

"मग तीच लावा."

आत्यानं मुखवटा चढवला. टिकलीलाही एक मुखवटा आणि जाड हातमोजे दिले, वितळलेलं लोखंड खाली गळू नये म्हणून भोकामागे तांब्याची पट्टी धरायला लावली. मग एक टाका, थांबली. दुसरा टाका, थांबली. घाई नाही की धांदल नाही. भोकं कडेकडेनं मिटत आली. शेवटी पत्रा घासून तिनं उन्हात धरला, तर उजेड कुठूनच आत येईना. दुकानदारानं बोट फिरवून बघितलं, परत फिरवलं.

"ताई, भोकं कुठं होती?"

नवी मशीन टिकलीनंच खांद्याला लटकवून आणली. गॅरेजात मात्र आत्या पत्रा काही हातात घेईना. कोऱ्या मशीनवरचीच धूळ पुसत बसली. चार वाजले, तसं टिकलीला राहवेना.

"आत्या, मी चुकून बाईंचाच पत्रा नेला होता."

"माहीत आहे. बाण पुसलास तेव्हाच बघितलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

आत्यानं पत्रा गाडीत ठेवून दाखवला. तीन बाजू चपखल बसल्या आणि चौथीकडे बोटभर फट राहिली.

"आखूड कापलाय मी. सकाळीच कळलं. म्हटलं दुकानात जळून गेला तर बरंच, गुपचूप नवा कापू. तुला पत्ताही लागला नसता."

"मग भोकं इतकी छान भरलीस कशाला?"

"तिथंच फसले," आत्या कसनुसं हसली. "हाताला वाईट करताच येत नाही, त्याला मी काय करू."

टिकलीनं खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या आणि टेप आत्याच्या हातात दिली. आत्यानं फट दोनदा मापली, पट्टी कापली आणि जोडली. शेवटचे दोन टाके टिकलीला घालू दिले.

पाचला बाई आल्या. त्यांनी आत बसून पाय आपटून बघितला, मग टिकलीकडे वळल्या. "तुझी आत्या म्हणे टेप न लावता कापते. खरं का गं?"

"हो बाई," टिकली म्हणाली आणि हातातली टेप पाठीमागे नेली. "कापताना कधीच लावत नाही."