गणपतरावजींचं नामंजूर

राजापेठेतले गणपतरावजी स्वतः लिहिलेला प्रस्ताव स्वतःच नामंजूर करत. ऐकून हसाल, पण मी समोर बसून पाहिलंय.

उभी हयात त्यांनी अकोल्याच्या कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर कारकुनी केली. साहेब विलायतेला परत जाताना आपली जुनी सोला हॅट यांना देऊन गेला. पेन्शनीनंतर गणपतरावजी अमरावतीत ठेकेदारांना, दुकानदारांना प्रस्ताव लिहून देऊ लागले, तेही फुकट. लिहायचे उघड्या डोक्यानं. मग हॅट चढवायची, खुर्चीत ताठ बसायचं आणि तोच कागद चोरानं आणून दिल्यासारखा वाचायचा.

"नामंजूर!"

हॅट उतरली की समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "जाऊ दे लेका. साहेब मोठा खवट हाये."

"कोनता साहेब?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हाच ना, आत्ता इथं बसला होता तो!"

मी आपलं उगाच खुर्चीमागं पाहून घेतलं. प्रस्तावासाठीच आलेले पातूरचे लाकडाचे व्यापारी रहीमभाई तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, ये बुढ्ढा एक है के दो?" मला तरी कुठं ठाऊक होतं!

माझं काम साधं होतं. गावाबाहेर आमचा भाजीचा मळा. विद्यार्थ्यांच्या एका बोर्डिंगनं वर्षभर भाजी पुरवण्यासाठी लेखी प्रस्ताव मागवले होते, मुदत सोमवारची. हा ठेका नाही मिळाला तर मळा दुसऱ्याला मक्त्यानं देऊन टाकीन, असं थोरल्या भावानं बजावलं होतं. मळ्यावाचून मला दुसरं काही येत नव्हतं हो!

पहिल्या कागदावर त्यांनी माझ्याच सांगण्यावरून लिहिलं होतं, की आमचे आजोबा नामांकित माळी, आम्ही आपले आज्ञाधारक, लेकराबाळांवर कृपा असावी. हॅट कडाडली, "तुह्या आज्याचं मी काय करू? भाजी करून पोराईले वाढू? माह्या फायद्याचं काय हाये यात, ते सांग!"

"तुमच्या का बोर्डिंगच्या?"

"मीच बोर्डिंग आहो!"

घ्या! काल साहेब, आज बोर्डिंग.

आजोबा काढले, तर म्हणे तू कोण, कुठचा, पत्ताच नाही. लांब लिहिलं तर पुराण, थोडकं लिहिलं तर तार. उन्हाळ्यात भाजी आटली तर काय देशील, ते लिहिलं नाही म्हणून नामंजूर. ते लिहिलं, तर "आत्तापासूनच रडून राहिला" म्हणून नामंजूर. बरं, ते वाक्य यांनीच सांगितलेलं! तसं म्हटलं, तर हॅटखालून उत्तर आलं, "त्या गनपतच्या नादी नको लागू. बुढा सटकला हाये." आता यावर हो म्हणावं की नाही म्हणावं, तुम्हीच सांगा.

रविवारी माझं डोकं फिरलं. "गनपतरावजी, उद्या मुदत सरते. तिकडं माहा मळा जाते, अन् तुमी इथं टोपी घालून काढून राहिले!"

हॅट घालून त्यांनी कागद वाचला. परत वाचला. ओळीओळीवरून बोट फिरवलं. तोंड उघडलं, पण नामंजूर काही बाहेर पडेना. शेवटी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"चांगला झाला," ते म्हणाले. चेहरा मात्र असा उतरला, की मी पुरता गोंधळलो. मंजूर झालं ना? मग हे सुतक कशाचं?

"एक कलम राह्यलं," ते हळूच म्हणाले.

"आता कोनतं बाप्पा?"

"लिही. माल बोर्डिंगात जायच्या आधी रोज एका जानत्या मानसाले दाखवल्या जाईन."

"असा जानता मानूस आनू कुठून? रोज सकाळी वांगे पाहाले कोन रिकामं बसलं?"

घर सुनं होतं. बायको वारून दोन वर्षं झालेली, मुलगा नागपूरला नोकरीवर. या घराचा उंबरा आम्ही प्रस्ताववालेच काय ते झिजवायचो, आणि एकदा प्रस्ताव पार पडला की आमच्यातलंही कोणी परत फिरकत नसे.

"मी घरीच असतो," खाली पाहत ते म्हणाले.

मी दौत पुढं ओढली आणि ते कलम त्यांनी सांगितलं तस्संच लिहिलं.

"गाडी किती वाजता आनू?"

"कवाही आन," ते म्हणाले. "मी दोघाचा चहा मांडून ठेवतो."