उद्याच्या पाण्याची नोंद

"मॅडम, आमच्या टाकीचं पाणी तुम्ही स्वतः पिऊन दाखवाल का?"

नववी 'ब'चा अख्खा वर्ग गार पडला. पैज प्रीतीनं लावली होती. "मॅडमले हे विचारायचा तुझ्यात दम नाई वं कामिनी!" दम नाही? वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून कामिनी बसच्या कंडक्टरशीसुद्धा मुद्देसूद भांडायची!

शिवाय हरायची भीतीच नव्हती. गावच्या टाकीचे जलसुरक्षक म्हणजे तिचे बाबा, देवाजी. रोज सकाळी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, टाकीवर चढून ओतायची, मग नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी हलकं पिवळं झालं की प्यायला ठीक. रंगावरून औषधाचा आकडा ठरवायचा, हलक्या पिवळ्याचा ०.५, आणि तो रजिस्टरात लिहायचा. गावाला चार वर्षं चांगल्या पाण्याचं हिरवं कार्ड मिळत होतं, उगीच नाही!

पाणी तपासायला आलेल्या वंदना मॅडम हसल्या. "पिते की! पण आधी तपासू."

शाळेच्याच नळाचं पाणी, दोन थेंब. सगळा वर्ग नळीवर वाकला. पण पाणी लग्नात रुसलेल्या जावयासारखं! काही केल्या रंग बदलेना!

मॅडमचं हसू गेलं. "रजिस्टर कुठं आहे?"

"आमच्या घरी! मी आणते!" कामिनी उठलीच. एकदा आकडे दाखवले की मिटलं!

जाता जाता तिनं प्रीतीला पिटाळलं, "बाबाले सांग, पाण्यात औषध नाई निघालं!" प्रीतीनं बाबांना सांगितलं, आणि वाटेत भेटले म्हणून मारोतरावांनाही सांगितलं. मारोतराव म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची, बाकी सगळा कारभार यांचा! बाबांनी धावत जाऊन टाकीत एक बादली जास्तीची ओतली. ते उतरून गेल्यावर मारोतरावांनी पंचायतीतलं नवं कोरं पोतं फोडलं. "लाल कार्ड आलं तं माह्यं नाक जाईन!" असं म्हणत स्वतः चढून दोन बादल्या ओतल्या. यानं त्याला विचारलं नाही, त्यानं याला सांगितलं नाही!

अर्ध्या तासानं सगळे टाकीखाली जमले, तेव्हा रेल्वे स्टेशनचा संडास नुकताच धुतल्यासारखा वास सुटला होता. खालच्या नळावर धुणं धुणाऱ्या प्रयागबाईंच्या जांभळ्या लुगड्यावर पांढरे ढग उगवले होते.

"कोनं केला गा माह्या लुगड्याचा सत्यानास!"

मॅडमनी तिथलं पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी पिवळी होऊन थांबलीच नाही, थेट संत्र्याच्या बर्फीसारखी झाली! मॅडमनी कामिनीनं आणलेलं रजिस्टर उघडलं. लाल समास, निळी शाई, मोत्यासारखं अक्षर. रोज ०.५.

"सुंदर लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. कामिनी पुरीसारखी फुगली.

"बारा तारखेला मोटर जळली होती ना? तीन दिवस गावात टँकर होता. टाकी कोरडी. तेव्हाही ०.५?"

पुरी बसली.

"आज अठरा तारीख. इथं तर उद्याचंही लिहिलंय. एकतीसपर्यंत! भविष्य सांगता का तुम्ही?"

मारोतराव मोठ्यानं हसले. एकटेच. कामिनीला तो रविवार आठवला. बाबा म्हणाले होते, "रोज तोच आकडा येते, बाई." तिनं एका बैठकीत महिना उरकला होता आणि वर शाबासकीही घेतली होती.

"हे अक्षर कोणाचं?"

"माह्यं," बाबा पटकन म्हणाले. सही करायला ज्यांना पाच मिनिटं लागतात, ते बाबा.

मॅडमनी नळी त्यांच्या हातात दिली. "मग सांगा, हे किती?"

बाबांनी नळी उन्हात धरली, डोळे बारीक केले. "पिवळं हाये, मॅडम. शून्य पॉइंट पाच."

मॅडमनी दुसऱ्या नळीत बाटलीतलं साधं पाणी भरून दिलं.

"हेबी पिवळंच."

कोणी हसलं नाही. लुगडं पिळायचं सोडून प्रयागबाई बाबांकडे बघत राहिल्या. मॅडमनी लाल कार्ड लिहिलं आणि रजिस्टर पिशवीत घातलं. मारोतराव जमिनीकडे बघत म्हणाले, "देवाजी, सोमवारी पंचायतीत ये गा. पंपाची किल्ली घेऊन ये. दुसरा मानूस पाहा लागन."

घरी आईनं ताट वाढलं. बाबांनी ते बाजूला सारलं.

"दोन वर्स झाले," ते म्हणाले. "सगळंच पिवळं दिसते. मले वाटे, पाणी चांगलं हाये."

बाबांच्या रोजच्या वापरातलं पोतं उघडं राहून पावडरचा जोर कधीच उतरला होता. तरी ते रोज बादली घेऊन साठ पायऱ्या चढत होते. नुसता पांढरा चुना ओतायला.

आई, भागीरथा, हातातला डाव घेऊन थबकली. "म्हनून भातात हळद काहून टाकली म्हनत होते? अन् मी भांडत बसली!" ती हसायला गेली आणि पदर डोळ्यांना लावून बसली.

"सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं किल्ली माह्याजवळ ठेवली असती का कोनं?"

कामिनीला मागच्या महिन्याचं पान दिसायला लागलं. अर्ध्या गावाला जुलाब झाले होते. सगळ्यांनी लग्नातल्या पनीरला शिव्या दिल्या होत्या. प्रयागबाईंचा नातू चार दिवस सलाईनवर होता. त्या चारही दिवसांपुढं ०.५ होतं, तिच्या सगळ्यात सुंदर अक्षरात. बाबांना दिसत नव्हतं. तिला तर फळ्यावरची खडूची धूळसुद्धा दिसायची! पण ती एकदाही टाकीवर गेली नव्हती.

ती उठून उभी राहिली. वक्तृत्वाला राहायची तशी, फक्त हात कुठं ठेवायचे ते कळेना.

"सोमवारी मी येऊन राहिली पंचायतीत. सगळ्यायसमोर सांगीन, अक्षर माह्यं हाये, अन् न पाहता लिहिलं. बाबा, तुम्ही मधात बोलायचं नाई. त्याच्याआधी शहरात सक्करदऱ्याले डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ. डोळे सुधरेपर्यंत नळी मी पाहीन. शून्य निघालं तं शून्यच लिहीन."

"अन् किल्ली घेतली तं?" बाबांनी विचारलं.

"तं नव्या मानसाले वाचून दाखवीन! शाळा साडेदहाची हाये, टाकीचं काम सहाचं." मग ती आईकडे वळली. "आई, मले उठवजो मात्र. एका हाकेत नाई उठली, तं पाणी मार तोंडावर... माठातलं नको, वापरायचं."